नव्या लॅपटॉपला सीडी-डीव्हीडी ड्राइव्ह नाही, बाहेरून लावायचा कोणता घ्यावा?

उंबरठा

नवीन लॅपटॉप विंडोज ११ चा आहे. एक साधा यूएसबी पोर्ट, दोन टाइप-सी, आणि ड्राइव्ह अर्थातच नाही. घरात दीडएकशे डिस्क पडून आहेत: लग्नामुंजीच्या व्हीसीडी, पुढच्या काळातल्या डीव्हीडी, नाट्यसंगीत आणि भावगीतांच्या ऑडिओ सीडी, फोटोंचा बॅकअप घेतलेल्या सीडी-आर, शिवाय हँडीकॅममध्ये जायच्या त्या छोट्या डीव्हीडी. एकदा सगळं हार्ड डिस्कवर उतरवून घ्यायचं आहे. नंतर कधीतरी एखादी डीव्हीडी राइट करण्यापुरता ड्राइव्ह लागेल.

दुकानात आणि ऑनलाइन बघितलं तर गोंधळ आहे. 'यूएसबी ३.०, हाय स्पीड' लिहिलेले बिननावाचे ड्राइव्ह स्वस्त मिळतात आणि नावाजलेल्या कंपन्यांचे महाग ड्राइव्ह मात्र यूएसबी २.० चे. हे उलटं कसं? ब्लू-रे घेऊन ठेवावा का? वेगळा पॉवर अडॅप्टर लागतो का? बजेट तीन हजारांच्या आसपास.

काडेपेटी

यूएसबी ३.० चा मुद्दा आधी निकालात काढू, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथेच होते.

डीव्हीडीचा १ एक्स वेग म्हणजे सेकंदाला साधारण १.३८ एमबी. लॅपटॉपसाठीचे पातळ ड्राइव्ह ८ एक्सचे असतात, म्हणजे जास्तीत जास्त ११ एमबी. सीडीचा १ एक्स १५० केबी, त्यामुळे २४ एक्सला साडेतीन एमबीच्या जरा वर. यूएसबी २.० प्रत्यक्षात ३० ते ३५ एमबी आरामात देतं. म्हणजे पाइप आधीच तिप्पट मोठा आहे, तो आणखी रुंद करून पाणी वाढत नाही. तो ८ एक्ससुद्धा फक्त डिस्कच्या बाहेरच्या कडेला मिळतो. आतल्या बाजूला सुरुवात तीन-साडेतीन एक्सनेच होते. भरलेली ४.७ जीबीची डीव्हीडी उतरवायला दहा ते पंधरा मिनिटं धरा, सॉकेट निळं (३.०) असो की काळं (२.०).

नावाजलेले २.० वर थांबले ते म्हणूनच. बिननावाचे ३.० लिहितात कारण तो आकडा विकला जातो.

खरा प्रश्न करंटचा आहे. ड्राइव्हच्या लेबलवर ५ व्होल्टसमोर बहुधा एक ते दीड अँपिअर असा आकडा असतो. तेवढा करंट सतत लागत नाही. डिस्क गरगर सुरू होते तेव्हा आणि राइट करताना लागतो. यूएसबी २.० पोर्टची अधिकृत मर्यादा ५०० मिलिअँपिअर, ३.० ची ९०० मिलिअँपिअर. टाइप-सी पोर्टला त्याहून जास्त देता येतं, बऱ्याच लॅपटॉपमध्ये दीड अँपिअरपर्यंत. आता तुम्हाला कळेल की ड्राइव्ह २.० चा असला तरी तो लॅपटॉपच्या ३.० किंवा टाइप-सी पोर्टला का लावायचा: डेटासाठी नव्हे, करंटसाठी.

करंट कमी पडला की लक्षणं अशी: डिस्क फिरायला लागते, थांबते, पुन्हा फिरते, 'टिक टिक' आवाज येतो, ड्राइव्ह 'धिस पीसी'मध्ये दिसतो आणि गायब होतो, राइट करताना अगदी शेवटी, डिस्कचा समारोप लिहिला जातो त्या लीड-आउटपाशी एरर येते. लोक ड्राइव्ह खराब म्हणून परत करतात आणि दोष असतो दीड मीटरच्या बारीक केबलचा, नाहीतर पाच जणांत करंट वाटणाऱ्या बिनअडॅप्टरच्या हबचा. ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा, केबल अर्ध्या मीटरहून मोठी नको. हब वापरायचाच तर स्वतःचा अडॅप्टर असलेला. काही ड्राइव्हबरोबर दोन तोंडांची वाय केबल येते, ती जुन्या लॅपटॉपसाठी. तुमच्या लॅपटॉपला वेगळा अडॅप्टर लागणार नाही.

नावं घ्यायची तर एलजीचा जीपी६५एनबी६० किंवा त्याच मालिकेतला जो मिळेल तो. आसुसचा झेनड्राइव्ह यू९एम जरा महाग, पण त्यात साधी आणि टाइप-सी अशा दोन्ही केबल येतात, त्यामुळे कन्व्हर्टरची भानगड नाही. दोन्ही ट्रेवाले आहेत आणि ट्रेवालाच घ्या. तोंडातून डिस्क ओढून घेणारा स्लॉट-लोडिंग दिसायला सुंदर असतो, पण त्यात हँडीकॅमची ८ सेंटिमीटरची डिस्क घातली तर ती आत अडकते आणि मग ड्राइव्ह उघडावा लागतो. ट्रेमध्ये छोट्या डिस्कसाठी आतला खळगा असतोच.

ॲपलचा यूएसबी सुपरड्राइव्ह कुणी फुकट दिला तरी विंडोजसाठी घेऊ नका. मॅककडून विशिष्ट आज्ञा मिळाल्याशिवाय तो चालूच होत नाही.

ब्लू-रे नको. तुमच्या यादीत एकही ब्लू-रे नाही, ड्राइव्ह कितीतरी पट महाग, आणि त्यात सिनेमा बघायचा तर वेगळं पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर. फोर-के ब्लू-रेची तर आणखी गंमत. त्या संगणकावर अधिकृतपणे चालवायला इंटेलच्या प्रोसेसरमधली एसजीएक्स सोय लागते आणि ती इंटेलने नव्या पिढ्यांमधून काढून टाकली आहे. म्हणजे लॅपटॉप जितका नवा तितका तो सिनेमा चालण्याची शक्यता कमी.

उंबरठा

धन्यवाद, आता चित्र स्पष्ट झालं. पण बिननावाचा अगदीच टाकाऊ असतो का? निम्म्याहून कमी किमतीत मिळतोय. एकदाच वापरून ठेवून द्यायचा आहे.

काडेपेटी

एकदाच वापरायचा आहे म्हणूनच चांगला हवा. वीस वर्षांच्या सीडी-आर वाचायच्या आहेत. नवीकोरी डिस्क कुठलाही ड्राइव्ह वाचतो. ओरखडे पडलेली, रंग उतरलेली डिस्क वाचताना लेसरचा आणि फर्मवेअरचा (ड्राइव्हमधल्या अंगभूत सॉफ्टवेअरचा) कस लागतो.

बिननावाच्या डब्यात बऱ्याचदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला ड्राइव्ह असतो, वर नवं प्लॅस्टिक आणि आत ड्राइव्हला यूएसबीशी जोडणारं एक स्वस्त ब्रिज सर्किट. ओळखायची रीत सोपी आहे. ड्राइव्ह लावा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, डीव्हीडी ड्राइव्हच्या खाली काय नाव दिसतं ते बघा. एचएल-डीटी-एसटी म्हणजे हिताची-एलजी, पीएलडीएस म्हणजे फिलिप्स-लाइटऑन, मात्शिता म्हणजे पॅनासॉनिक, टीएसएसटीकॉर्प म्हणजे तोशिबा-सॅमसंग. ही शेवटची कंपनी आता ड्राइव्ह बनवत नाही, म्हणून नव्या डब्यात टीएसएसटीकॉर्प दिसलं तर समजा की आतला माल बहुधा दुसऱ्या कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये आयुष्य काढून आलाय. नावाच्या जागी नुसतं 'जेनेरिक' किंवा अगम्य अक्षरं आली तर ताबडतोब परत.

कुठलाही घ्या, परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. एक जुनी सीडी-आर पूर्ण कॉपी करून बघा. एक ऑडिओ सीडी. आणि एक विकतच्या सिनेमाची डीव्हीडी, कारण त्या बहुतेक दोन थरांच्या, ८.५ जीबीच्या असतात. सिनेमा साधारण मध्यावर आला की लेसरला पहिला थर सोडून दुसऱ्यावर जावं लागतं. तिथे चित्र एखादा क्षण थबकणं चालेल, पण ड्राइव्ह अडकून खरखरत बसला तर लेसर दमलेला आहे. शेवटी एक कोरी डीव्हीडी राइट करा, 'व्हेरिफाय'ची खूण करून.

शेवगा

काडेपेटींशी सहमत, पण एक स्वस्त आणि चांगला मार्ग राहिला. घरात बंद पडलेला जुना लॅपटॉप असेल तर त्यातला ड्राइव्ह काढून केसिंगमध्ये घाला. ड्राइव्ह कुठल्या कंपनीचा, किती वापरलेला, हे तुम्हाला माहीत असतं. बिननावाच्या डब्यापेक्षा हे कधीही बरं.

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा. उलटा केल्यावर तळाशी एका स्क्रूशेजारी डिस्कचं छोटं चिन्ह कोरलेलं असतं. बहुतेक मॉडेलमध्ये तो एक स्क्रू काढला की ड्राइव्ह बाजूला सरकवून बाहेर येतो. आला नाही तर ट्रेच्या भोकात उलगडलेली पेपरक्लिप घालून ट्रे थोडा उघडा आणि ट्रेला नव्हे, ड्राइव्हच्या पत्र्याच्या अंगाला धरून ओढा.

आता पट्टीने उंची मोजा. १२.७ मिलिमीटर किंवा ९.५ मिलिमीटर निघेल. केसिंग त्याच उंचीचं लागतं. जाड केसिंगमध्ये पातळ ड्राइव्ह खुळखुळतो, पातळ केसिंगमध्ये जाड जातच नाही. मग मागचं कनेक्टर बघा. दोन चपट्या पट्ट्या शेजारीशेजारी, एक जराशी लहान, असं असेल तर स्लिमलाइन साटा. हल्लीची सगळी केसिंग त्याचीच. एकच लांब, बारीक पिनांच्या दोन ओळींचं असेल तर तो जुना आयडीई ड्राइव्ह, त्याच्या मागे पैसे घालवू नका.

मागचा छोटा पत्र्याचा ब्रॅकेट दोन बारीक स्क्रूंनी बसवलेला असतो, तो काढावा लागतो. पुढची प्लॅस्टिकची पट्टी लॅपटॉपच्या आकारानुसार तिरकी असेल तर तीही उचकटून काढा आणि केसिंगबरोबर आलेली लावा. तिच्या खाचा नाजूक असतात. आधी ट्रे पेपरक्लिपने उघडा, मग पट्टी काढा.

दुकानात मागताना 'डीव्हीडी ड्राइव्हचं यूएसबी केसिंग' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'कॅडी' म्हटलं तर हमखास दुसरीच वस्तू हातात देतात: लॅपटॉपच्या डीव्हीडीच्या जागी हार्ड डिस्क बसवायची चौकट. दिसायला सारखीच, कामाला अगदी उलटी.

काडेपेटी

@शेवगा बरोबर. फक्त लॅपटॉप आठ-दहा वर्षं वापरातला असेल तर लेसरही तेवढाच जुना, हे धरून चला. राइट करायला तो कदाचित नाही म्हणेल, वाचायला चालेल.

आणि उंबरठा, पातळ ड्राइव्हमध्ये डिस्क बसवण्याचं एक तंत्र आहे. डेस्कटॉपच्या जाड ड्राइव्हमध्ये डिस्क ट्रेवर नुसती ठेवली की आतला चिमटा वरून दाबतो. पातळ ड्राइव्हमध्ये वरचा चिमटा नाही. मधल्या गोल खुंटीला तीन बारीक गोळ्या असतात आणि डिस्क त्यांच्यावर दाबून बसवावी लागते. एका हाताची बोटं ट्रेच्या खाली आधाराला ठेवायची, दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी डिस्कच्या भोकाच्या अगदी कडेला दाबायचं. 'टक' असा आवाज आला पाहिजे. नंतर डिस्क बोटाने फिरवून बघायची, कुठे घासत नाही ना. आधार न देता दाबलं तर ट्रे वाकतो, आणि न दाबताच आत ढकललं तर डिस्क घासून तिच्यावर गोल ओरखडा उमटतो. गोल ओरखडा सगळ्यात वाईट, कारण तो डेटाच्या ओळीला समांतर जातो आणि सलग बराच डेटा खातो. केंद्रापासून कडेकडे गेलेला ओरखडा त्यामानाने सहज भरून निघतो. म्हणून डिस्क पुसतानाही मऊ सुती कापडाने मधून बाहेर पुसायची, गोल गोल नाही. टूथपेस्टचे उपाय आंतरजालावर फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

लेसरची भिंग उघड्या ट्रेवरच असते, तिला बोट लावू नका. धूळ असेल तर फुगा दाबून हवा मारा. तोंडाने फुंकर नको, थुंकीचे थेंब बसतात.

सहज_बघ्या

व्हीसीडीबद्दल सांगतो, कारण त्यात सगळे अडतात.

व्हीसीडी उघडली की चार-पाच फोल्डर दिसतात. व्हिडिओ 'एमपीईजीएव्ही' फोल्डरमध्ये, 'एव्हीएसईक्यू०१' अशा नावाच्या डॅट फाइलमध्ये असतो. डिस्क चांगली असेल तर ती फाइल सरळ कॉपी करा, व्हीएलसी ती तशीच वाजवतं. दुसऱ्या प्लेयरला चालत नसेल तर शेपूट डॅटऐवजी एमपीजी करून बघा. चित्र ३५२ बाय २८८ चं आहे, मोठ्या टीव्हीवर ते ढगाळ दिसणारच. ड्राइव्ह बदलून त्यात फरक पडत नाही.

डिस्कवर ओरखडे असतील तर विंडोजची कॉपी मध्येच थांबते आणि झालेली अर्धी फाइलही टाकून देते. कारण असं की साध्या डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये २०४८ बाइट माहिती आणि बाकी जागा चुका दुरुस्त करायला राखलेली असते. व्हीसीडीच्या व्हिडिओ सेक्टरमध्ये ती जास्तीची दुरुस्तीची जागा काढून २३२४ बाइट माहिती भरली आहे. एखादी चौकट बिघडली तर प्रेक्षक दुर्लक्ष करेल, हा त्यामागचा हिशेब. पण विंडोजला एकही सेक्टर गेलेला चालत नाही. अशा वेळी खराब डिस्कमधून डेटा काढणारं आयसोबस्टर हे सॉफ्टवेअर वापरा. त्यात ट्रॅकवर उजवी क्लिक करून फक्त एमपीईजी फ्रेम गाळून काढायचा पर्याय आहे, आणि न वाचलेल्या सेक्टरच्या जागी कोरं भरून पुढे जायला सांगता येतं. चित्र दोन सेकंद तुटेल, पण मंगलाष्टकं पूर्ण मिळतील. लिनक्स असेल तर व्हीसीडीएक्सरिप हेच काम फुकट करतं.

आणि व्हीसीडीची आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रतिमा) काढू नका. आयएसओमध्ये २०४८ बाइटचेच सेक्टर मावतात, व्हिडिओ त्यात नीट बसत नाही. पूर्ण प्रतिमा हवी तर बिन आणि क्यू अशी जोडी काढा.

लग्नाच्या डीव्हीडी सोप्या. 'व्हिडिओ_टीएस' फोल्डरमध्ये एक-एक जीबीच्या व्हीओबी फाइल असतात, कार्यक्रम लांब असला की तो तीन-चार तुकड्यांत विभागलेला. ते हाताने जोडत बसण्यापेक्षा मेकएमकेव्हीला डिस्क द्या. तो पुन्हा एन्कोड न करता सगळं एका एमकेव्ही फाइलमध्ये काढून देतो, म्हणजे दर्जा तसाच राहतो. 'दुकानदाराने एमपी४ करून दिलं' या प्रकारात चित्र आणखी एकदा दाबलं जातं. लग्न परत होत नाही, मूळ प्रत जपा.

हँडीकॅमच्या छोट्या डिस्क कोऱ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या 'फायनलाइज' केलेल्या, म्हणजे रेकॉर्डिंग पुरं करून इतर ड्राइव्हना वाचता येतील अशा केलेल्या नसतात. कॅमेरा अजून चालत असेल तर डिस्क त्याच कॅमेऱ्यात घालून मेनूतून फायनलाइज करा, काही मिनिटांचं काम आहे. त्याला पूर्ण चार्ज किंवा अडॅप्टर लावून ठेवा, मध्येच बंद पडायला नको. कॅमेरा नसेल तर पुन्हा आयसोबस्टर. विंडोजने 'डिस्क फॉरमॅट करायची का?' विचारलं तर उत्तर कायम नाही.

उंबरठा

हे सोन्यासारखं आहे. दोन प्रश्न. काही सीडींवर कागदी गोल स्टिकर चिकटवलेत, काही प्लॅस्टिकच्या पाकिटाला चिकटून बसल्यात. आणि ऑडिओ सीडींचं काय? विंडोज मीडिया प्लेयरने रिप केलं तर चालेल?

काडेपेटी

स्टिकर सोलू नका. सीडीचा परावर्तक थर लेबलच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. स्टिकरबरोबर तोही निघून येतो आणि डेटा त्याच्याबरोबर. म्हणूनच सीडीवर वरच्या बाजूने पडलेला ओरखडा खालच्यापेक्षा घातक. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. अर्धवट निघालेला स्टिकर असेल तर डिस्क असंतुलित होऊन थरथरते. २४ एक्सला ती मिनिटाला पावणेपाच हजारांच्या आसपास फेरे घेते. सॉफ्टवेअरमध्ये वेग ४ किंवा ८ एक्सवर आणा. मधल्या भोकापाशी तडा गेलेली डिस्क मात्र घालूच नका, आत फुटली तर ड्राइव्हही जातो.

पाकिटाला चिकटलेली डिस्क ओढू नका. पाकीट कडेने कापून उघडा आणि प्लॅस्टिक डिस्कवरून हळूहळू, वाकवून सोडवा, डिस्क सपाट ठेवून. चिकट डाग राहिला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल खालच्या बाजूला चालतं, लेबलच्या बाजूला नको.

ध्वनिलहर

ऑडिओचं उत्तर मी देते. मीडिया प्लेयरने 'चालेल', पण तो न वाचलेल्या जागी अंदाजाने भरतो आणि तुम्हाला सांगत नाही. तानेच्या मध्येच 'टप्' असा आवाज पुढे कधीतरी ऐकू येतो, तोवर सीडी कुणाला तरी देऊन टाकलेली असते.

एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. पहिल्यांदा चालू केल्यावर ते ड्राइव्ह तपासतं. सिक्युअर मोड निवडा. ड्राइव्ह कॅश करतो का, म्हणजे डिस्क पुन्हा न वाचता आधीचंच साठवलेलं परत देतो का, हे त्यालाच शोधू द्या. प्रत्येक ड्राइव्ह ऑडिओ काही नमुने पुढेमागे वाचतो, त्याला ऑफसेट म्हणतात. नेहमीच्या मॉडेलचा ऑफसेट ॲक्युरेटरिप या ऑनलाइन यादीतून आपोआप येतो. ओळखीच्या कंपनीचा ड्राइव्ह घेण्याचा हा आणखी एक फायदा. बिननावाच्याचा ऑफसेट यादीत सापडेलच असं नाही.

ॲक्युरेटरिप तुमची प्रत इतरांच्या प्रतींशी ताडून बघतं. इंग्रजी सीडींना हे छान लागू पडतं. जुन्या मराठी सीडी त्या यादीत असतीलच असं नाही. त्यासाठी 'टेस्ट अँड कॉपी' वापरा: प्रत्येक ट्रॅक दोनदा वाचला जातो आणि दोन्ही वेळचे सीआरसी आकडे (डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे) शेजारी दिसतात. आकडे सारखे आले की प्रत विश्वासार्ह. वेगळे आले तर डिस्क पुसा, वेग कमी करा, तेवढाच ट्रॅक पुन्हा घ्या. चांगल्या सीडीला वीसेक मिनिटं, ओरखडेवालीला तास लागू शकतो, म्हणून ढिगाची सुरुवात चांगल्या सीडींपासून करा.

फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता आवाज साठवणाऱ्या फाइल प्रकारात साठवा. एका सीडीचे ढोबळ मानाने २५० ते ४०० एमबी होतात, आजच्या हार्ड डिस्कच्या मानाने काहीच नाही. एमपी३ नंतर कधीही त्यातून काढता येते, उलटं होत नाही. गाण्यांची नावं आपोआप येतात ती रोमनमध्ये आणि अनेकदा चुकीची, ट्रॅक एक-दोन असंही येतं. नावं बदलायच्या एमपी३टॅग या सॉफ्टवेअरमध्ये सीडीच्या मागच्या कव्हरवरून देवनागरीत टाइप करा. गायक, संगीतकार, कवी आणि नाटकाचं नाव वेगवेगळ्या रकान्यांत घाला. नाट्यपदांमध्ये तेच पद तीन गायकांनी गायलेलं असतं, नुसत्या पदाच्या नावाने शोधलं तर हवी ती गायकी सापडत नाही.

'एका सीडीत शंभर गाणी' छापलेल्या असतात त्या ऑडिओ सीडी नव्हेत, त्यांत एमपी३ फाइल असतात. त्या सरळ कॉपी करा. त्यांचं फ्लॅक करण्यात काही अर्थ नाही.

सातासमुद्रा

बाहेरच्या देशात राहणाऱ्यांसाठी पुरवणी. डीव्हीडी ड्राइव्हला प्रदेशाचा कोड असतो. अमेरिकेचा १, युरोपचा २, भारताचा ५. ड्राइव्हचा कोड फक्त पाच वेळा बदलता येतो, शेवटचा बदल कायमचा होतो, आणि विंडोज पुन्हा टाकून आकडा मागे जात नाही कारण तो ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये लिहिलेला असतो. त्यामुळे विंडोजने विचारलं की लगेच 'हो' म्हणू नका. बऱ्याच भारतीय डीव्हीडी सर्व प्रदेशांत चालणाऱ्या असतात. कव्हरच्या मागे पृथ्वीगोलाचं चिन्ह आणि त्यात आकडा किंवा 'ऑल' बघा. घरगुती लग्नाच्या डीव्हीडीला तर कोडच नसतो. पाल-एनटीएससी या दोन टीव्ही पद्धतींचा वादही फक्त टीव्हीचा, लॅपटॉपला दोन्ही सारखेच.

विंडोज ११ मध्ये डीव्हीडीचा सिनेमा चालवायची सोय मुळात नाही. ड्राइव्ह लावून काहीच झालं नाही म्हणून तो बिघडलाय असं समजू नका, व्हीएलसी टाका. आणि सिनेमाची डीव्हीडी कॉपी करताना वेग दोन-तीन एक्सवरच अडकला तर तेही नॉर्मल आहे. आवाज कमी राहावा म्हणून काही ड्राइव्ह व्हिडिओ डीव्हीडीला मुद्दाम हळू फिरवतात.

शेवगा

राइट करण्याबद्दल कुणी बोललं नाही. बाजारात कोऱ्या डिस्कचा दर्जा आता बेभरवशाचा आहे. एकेकाळी आपल्याकडे घरोघरी मोझर बेअरच्या डिस्क असत, ती कंपनी २०१८ मध्ये अवसायनात गेली. सोनीनेही फेब्रुवारी २०२५ पासून राइट करायच्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. म्हणून बॅकअप पुन्हा डीव्हीडीवर घ्यायच्या भानगडीत पडू नका. दोन हार्ड डिस्क घ्या, एक घरात, एक नातेवाइकाकडे. सेव्हन-झिप या सॉफ्टवेअरच्या उजव्या क्लिकमध्ये एसएचए२५६ हा फाइलचा पडताळणी आकडा काढायची सोय आहे. तो आकडा प्रत्येक मोठ्या फाइलसाठी एका मजकूर फाइलमध्ये ठेवला तर पाच वर्षांनी प्रत शाबूत आहे का ते तपासता येतं.

अगदी थोडे फोटो डिस्कवरच ठेवायचे असतील तर एम-डिस्क ही टिकाऊ डिस्क. तिचा थर सेंद्रिय रंगाचा नाही, त्यामुळे ऊन आणि दमट हवा जास्त सोसते. डीव्हीडी एम-डिस्क राइट करायला ड्राइव्हवर एम-डिस्कचं चिन्ह लागतं, वाचायला कुठलाही चालतो. साधी डीव्हीडी-आर राइट करताना ४ एक्स किंवा ६ एक्सवर ठेवा आणि त्या वेळी लॅपटॉप चार्जरवर असू द्या.

उंबरठा

एलजीचा घेतला, तपासणीत सगळं पास. पण आज लॅपटॉप चालू केला तर ड्राइव्हला वीज जाते, ट्रे उघडतो, आणि 'धिस पीसी'मध्ये नाव नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, कोड १९. दुसरा पोर्ट, दुसरी केबल करून झालं.

काडेपेटी

मध्ये एखादं बर्निंगचं किंवा 'व्हर्च्युअल ड्राइव्ह'चं सॉफ्टवेअर टाकलंत किंवा काढलंत का? कोड १९ म्हणजे रेजिस्ट्रीतली (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या कोठारातली) नोंद बिघडली, ड्राइव्ह ठीक आहे. त्या सॉफ्टवेअरने विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मध्ये आपला फिल्टर (छोटा ड्रायव्हर) घातलेला असतो आणि जाताना तो नीट काढत नाही.

आधी सिस्टिम रिस्टोर पॉइंट करा. मग रेजएडिट उघडा: एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, कंट्रोल, क्लास. त्याखाली कंसात लांबलचक आकड्यांची पुष्कळ नावं दिसतील. ४डी३६ई९६५ ने सुरू होणारं उघडा. उजवीकडे 'क्लास' समोर सीडीरॉम लिहिलंय ना, याची खात्री करा. शेजारचं ४डी३६ई९६७ हार्ड डिस्कचं आहे, तिथे हात लावलात तर विंडोज सुरू होणार नाही. सीडीरॉमच्या उजव्या बाजूला अपरफिल्टर्स आणि लोअरफिल्टर्स यांपैकी जे असेल ते पुसा. नावाच्या शेवटी बीएके असलेली नोंद तशीच राहू द्या. लॅपटॉप रीस्टार्ट करा.

तरीही दिसला नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हवर उजवी क्लिक करून अनइन्स्टॉल करा, केबल काढा, पुन्हा लावा. विंडोज स्वतःच ड्रायव्हर टाकतं, सीडीतून काही टाकायची गरज नाही.

उंबरठा

अपरफिल्टर्स होतं, काढलं, आला. एका मोफत बर्निंग सॉफ्टवेअरची ट्रायल अनइन्स्टॉल केली होती, तेच असणार. उद्यापासून ऑडिओच्या ढिगाला हात घालते.

ध्वनिलहर

सुरुवातीला एकच सीडी पूर्ण करून फाइल शेवटपर्यंत ऐका, विशेषतः शेवटचा ट्रॅक. ऑडिओ सीडी बाहेरच्या कडेकडे संपते आणि बोटांचे ठसे, झीज तिथेच जास्त असते.